दुसऱ्या मागावर बसायचं नाही

यंदा वडगावच्या मंगाई यात्रेला आमच्याकडं जे पाहुणे आले, त्यांत माझ्या मावसभावाचा मुलगा होता. जेवणं झाली, बायका पान लावत बसल्या आणि हा मला खुणेनं माडीवर घेऊन गेला. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. "काका, हे एवढं बघा की. काय लिवलंय कळंना."

मुलगा आयटीआय झालेला. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर उभा राहतो, पण माणूस कारखान्याचा नव्हे, ठेकेदाराचा. करार इंग्रजीत, 11 महिन्यांचा, प्रत्येक पानाखाली याची सही. सातव्या कलमात लिहिलं होतं की काम सुटल्यावर 2 वर्षं, बेळगावपासून 100 किलोमीटरच्या आत, अशाच तऱ्हेच्या कुठल्याही कारखान्यात हा नोकरी धरणार नाही, ठेका घेणार नाही, स्वतःचा धंदाही काढणार नाही. काढलाच तर 1 लाख रुपये भरील. 100 किलोमीटर म्हणजे संकेश्वर आलं, निपाणी आली, कागलच्या वसाहतीच्या वेशीपर्यंत मजल गेली. काम 11 महिन्यांचं आणि बंदी 24 महिन्यांची!

मी कागदाची घडी घातली. म्हटलं, "हे कलम मेलेलं आहे. दीडशे वर्षांपूर्वीच मेलंय."

"मेलंय तर मग कागदावर कशाला ठेवलंय, काका?"

या प्रश्नाला माझ्याकडं चटकन उत्तर नव्हतं. त्यानंतर पंधरा दिवसांनी, बेळगावच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या दोघी तरुण मैत्रिणींनी कंत्राटी कामगारांसाठी लिहिलेल्या या पुस्तिकेची प्रुफं माझ्या हातात ठेवली आणि प्रस्तावना मागितली. कुठलं कलम चालतं, कुठलं चालत नाही, नोटीस आली तर काय करायचं, हे त्यांनी पुढच्या पानांत नीट सांगितलंय. तेच मी पुन्हा सांगणार नाही. मी त्या पोराच्या प्रश्नाभोवतीच फिरणार आहे.

आधी कलम मेलं कसं, ते. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं 27 वं कलम सांगतं की कुणालाही कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. 'कुणालाही' हा शब्द महत्त्वाचा. नोकर असो, ठेकेदाराचा माणूस असो, नगावर मजुरी घेणारा विणकर असो, कायद्यानं वर्ग पाडलेले नाहीत. कलमातच लिहिलेला अपवाद एक, धंदा नावलौकिकासकट विकून टाकणाऱ्याचा. त्यानं घेणाऱ्याच्या दारात पुन्हा दुकान मांडू नये, हे रास्तच आहे.

या कलमाचं कूळ मोठं गमतीचं आहे. न्यूयॉर्कच्या डेव्हिड डडली फील्ड या वकिलानं आपल्या राज्यासाठी दिवाणी संहितेचा मसुदा केला होता. न्यूयॉर्कनं तो कधीच स्वीकारला नाही. त्यातली ही तरतूद मात्र बाहेर रुजली, कॅलिफोर्नियात आणि आपल्याकडंही. सिलिकॉन व्हॅलीतला अभियंता आज एका कंपनीतून उठून समोरच्या कंपनीत जाऊन बसतो तो ज्या तत्त्वावर, त्याच तत्त्वावर वडगावचा विणकर एका मालकाचा माग सोडून दुसऱ्याच्या मागावर बसू शकतो. निदान कागदावर.

आणि या कलमाचा पहिला गाजलेला खटला पाहिला तर तो कुणा साहेबाचा नाही, कलकत्त्याच्या तांबटांचा आहे. 1874 सालचा. एकाच भागात दोघांची दुकानं, एकाच्या चढाओढीनं दुसऱ्याचा धंदा बसायला लागला. तेव्हा दुसरा म्हणाला, 'तू इथलं दुकान बंद कर. तुझ्या कारागिरांकडं तुझी जी उचल अडकली आहे, ती मी तुला भरून देतो.' पहिल्यानं दुकान बंद केलं. पैसे काही मिळाले नाहीत. तो कोर्टात गेला. मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच यांनी सांगितलं की करारच 27 व्या कलमाखाली रद्दबातल, तेव्हा पैसे मागता येणार नाहीत. बंदी एका गल्लीपुरती होती, साऱ्या मुलखाची नव्हती, हा मुद्दाही चालला नाही. विलायतेत बंदी 'वाजवी' आहे का, हे तोलतात. आपल्या कलमात वाजवी हा शब्दच नाही.

मला या खटल्यात कायद्यापेक्षा ती कारागिरांकडली उचल जास्त दिसते. निकालांच्या पुस्तकात ती एका ओळीत येऊन जाते. आमच्या गल्लीत तिच्यावर संसार उभे राहायचे आणि मोडायचे.

माझे वडील वडगावात मागावर बसायचे. माग मालकाचा, सूत मालकाचं, हात यांचे. घरात आई आणि बहिणी कांड्या भरायच्या, वडील धोटा टाकायचे. साडी उतरली की घडी घालून मालकाच्या पेढीवर, तिथं नगावर मजुरी. पेढीवर लाल कापडी बांधणीची एक वही असायची. बहिणीच्या लग्नाला घेतलेले पैसे त्या वहीत, आजोबांच्या तेराव्याचे त्या वहीत, पावसाळ्यात माग बंद राहिला त्या आठवड्यांची खर्चीही त्याच वहीत. दर नगामागं थोडं कापलं जायचं आणि दर सणाला थोडं वाढायचं. वडिलांनी कुठल्याही करारावर कधी सही केली नाही. पण एकदा शहापुरातल्या दुसऱ्या मालकाकडं जादा मजुरी मिळते म्हणून चौकशीला गेले, तर त्यानं पहिला प्रश्न विचारला, "आधीची बाकी फिटली काय?" फिटली नव्हती. मग दोन्ही मालक बसले, नव्यानं जुन्याची बाकी चुकती केली आणि वडिलांचं नाव एका वहीतून दुसऱ्या वहीत गेलं. आई म्हणायची, म्हैस विकली तरी खुंटा बदलतो, दावं तेच.

दुसऱ्या मागावर बसायचं नाही, हा करार असा न लिहिता होतो. त्याला 27 वं कलम लागू करायचं तर कोर्टापुढं ठेवायचं काय? वही तर मालकाची.

हे नवं नाही. ईस्ट इंडिया कंपनीनं बंगालच्या विणकरांना दादनी, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन बांधून घेतलं आणि कंपनीचं काम अंगावर असताना दुसऱ्याला कापड विकायचं नाही असे नियमच केले. पुढं 1859 चा कायदा आला. उचल घेऊन काम सोडलं तर कामगाराला थेट मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं. त्यानं पैसे परत कर नाहीतर काम पुरं कर म्हणायचं. न ऐकलं तर 3 महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. हा कायदा रद्द करणारा कायदा 1925 साली झाला. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं या देशात दोन कायदे शेजारी शेजारी नांदत होते. एक म्हणायचा, कुणालाही धंद्यापासून अडवू नका. दुसरा म्हणायचा, उचल घेतलेला गडी पळाला तर धरून आणा. पहिला व्यापाऱ्यांच्या कामी आला, दुसरा गड्यांच्या वाट्याला.

पुढं निकालांची जी माळ तयार झाली, तिच्यात आपली माणसं बरीच आहेत. स्वातंत्र्याच्या उंबऱ्यावर, 1946 साली, मुंबई उच्च न्यायालयात अरविंद मिलविरुद्ध देशपांडे नावाचे वीव्हिंग मास्टर उभे होते. आणि 1967 साली सर्वोच्च न्यायालयात निरंजन शंकर गोलिकरी. कल्याणजवळच्या सेंच्युरीच्या कारखान्यात टायर कॉर्डच्या विभागात शिफ्ट सुपरवायझर. परदेशी कंपन्यांकडून घेतलेलं तंत्र, त्याचं शिक्षण कंपनीनं दिलेलं, करार 1963 पासून 5 वर्षांचा. दीडेक वर्षात त्यांनी काम सोडलं आणि कोट्याच्या रेयॉन कारखान्यात तेच काम धरलं. दोन्ही खटल्यांत कोर्टानं मालकाची बाजू घेतली. कराराची मुदत चालू असताना दुसरीकडं काम करू नये ही अट 27 व्या कलमात बसत नाही, असं ठरलं. गोलिकरींवरची बंदी 15 मार्च 1968 पर्यंत, म्हणजे 5 वर्षांची मुदत संपेपर्यंतच होती. अट फारच जाचक किंवा एकतर्फी असेल तर गोष्ट वेगळी, असंही कोर्टानं नोंदवून ठेवलं. या अर्ध्या वाक्याकडं कामगारांच्या वकिलांनी अजून पुरेसं लक्ष दिलेलं नाही असं मला वाटतं. गोलिकरींना ठरलेला पगार मिळत होता. आमच्या नगावरच्या विणकराला उद्या सूत मिळेल की नाही याची हमी नाही, तरी दुसऱ्याचं सूत घ्यायची बंदी. याहून एकतर्फी काय असतं?

मुदत संपल्यावरच्या बंदीचं मात्र वेगळं. 1980 साली कृष्ण मुरगई यांच्या खटल्यात 2 वर्षांच्या बंदीचं कलम सर्वोच्च न्यायालयापुढं आलं. न्या. तुळजापूरकर आणि त्यांच्याबरोबरच्या एका न्यायमूर्तींनी करारातल्या एका शब्दावर निकाल दिला. 'सोडून गेला तर' असं लिहिलंय आणि याला तर काढून टाकलाय, तेव्हा अट लागूच नाही. तिसरे न्या. सेन सरळ 27 व्या कलमाकडं गेले आणि नोकरी संपल्यानंतरची बंदी रद्दबातल असं लिहिलं. पुढं 2006 साली आपल्या श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानची पाळी आली. जाहिरातीचं काम बघणाऱ्या कंपनीशी त्याचा 3 वर्षांचा करार संपला होता. संपल्यावरही दुसऱ्या कुणाचा देकार आला तर आधी आम्हाला दाखव, आम्ही तेवढेच पैसे देऊ, अशी अट होती. वरवर पाहता सौम्यच. तीही प्रथमदर्शनी रद्दबातल ठरली. झहीर त्या कंपनीचा नोकर नव्हता, हे इथं मुद्दाम सांगतो. ठेक्यावरच्या माणसाला हा निकाल नोकरीच्या निकालांहून जवळचा आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल, मग सगळं छानच आहे. तिथंच फसगत होते.

'रद्दबातल' म्हणजे गुन्हा नव्हे. असं कलम लिहिलं म्हणून ठेकेदाराला दंड होत नाही, जाबही द्यावा लागत नाही. 'तेवढ्यापुरतं' रद्द, म्हणजे बाकीचा करार शाबूत. लिहिलं तर फायदा, उडालं तर तोटा नाही. मग का नाही लिहिणार? आमच्या पोराला मी हेच उत्तर द्यायला हवं होतं. शेतात उभं केलेलं बुजगावणं मेलेलंच असतं, तरी पाखरं बिचकतात. नोटीस येते, नोटिशीवर वकिलाचं नाव असतं, गावात चर्चा होते, नवा मालक म्हणतो, तुझं तेवढं मिटवून ये. कोर्टापर्यंत प्रकरण जातच नाही, आणि गेल्याशिवाय कलम मेलंय हे कुणी सांगत नाही.

त्यातून आता कलमाच्या जोडीला इतर साधनं आली आहेत. सहीचा कोरा चेक. दहावीचं आणि आयटीआयचं मूळ प्रमाणपत्र 'पडताळणीसाठी' ठेवून घेणं. प्रशिक्षणाचा बाँड. यांतल्या बाँडकडं हलक्यानं बघू नका. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या खटल्यात 3 वर्षं पुरी होण्याआधी नोकरी सोडल्याबद्दल 2 लाख रुपये घेणं वैध ठरवलं. कर्नाटक उच्च न्यायालयानं अधिकाऱ्याच्या बाजूनं दिलेला निकाल त्यानं फिरला. दुसरीकडं जाऊ नको म्हणणं वेगळं आणि जाताना भरपाई दे म्हणणं वेगळं, असा तो भेद आहे. तरी ती बँक होती, अधिकारी वरिष्ठ होता, भरतीचा खर्च दाखवता येत होता. रोजंदारीवरच्या पोराला ठेकेदारानं काय शिकवलं? काम तर कारखान्यातल्या जुन्या माणसानं शिकवलेलं असतं. आणि करारात 1 लाख लिहिलं म्हणून 1 लाख मिळत नाहीत. करार कायद्याच्या 74 व्या कलमाप्रमाणं तो आकडा कमाल मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई.

आमच्या भागात आणखी एक घोळ असतो, सीमेचा. पोरगा राहतो वडगावात, काम बेळगावात, ठेकेदाराची कचेरी कोल्हापुरात, नवी नोकरी कागलला. मुद्रांक कुठला, खटला कुठं, कागद कन्नडात की इंग्रजीत? मराठीत तर कधीच नाही. लोकांना वाटतं दूधगंगा ओलांडली की बंधन सुटलं, किंवा उलट, तिकडं गेलो तर महाराष्ट्राचा वेगळा कायदा पकडेल. करार कायदा केंद्राचा आहे, नदीच्या दोन्ही काठांवर एकच. भाषेवरून आपण सत्तर वर्षं भांडलो, पण आपल्या माणसानं न वाचलेल्या कागदावर सही करायची ही रीत दोन्ही बाजूंना सारखीच राहिली.

निपाणीचंही सांगायला हवं. तिथं तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या बायकांना कुणी करार दिला नाही. पाला आणि तंबाखू देणारा ठेकेदार ठरलेला, 'छाट', म्हणजे नापास विड्या, काढणाराही तोच. दुसऱ्याकडून पाला घेतला की याच्याकडचं काम बंद. 1980 च्या आसपास त्या बायका संघटित झाल्या. युगांतर या चित्रपटगटानं 1982 साली त्यांच्यावर केलेला माहितीपट आजही बघण्यासारखा आहे. विडीचा विषय निघाला म्हणून आठवलं. 1948 साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडात सरकारनंच कायदा केला होता की शेतीच्या हंगामात अमुक गावांत कुणी विड्या वळायच्या नाहीत, म्हणजे शेताला मजूर मिळतील. सर्वोच्च न्यायालयानं 1950 साली तो घटनाबाह्य ठरवला. राज्यघटना लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. सरकारला जे करता येत नाही ते पाला वाटणारा ठेकेदार बिनबोभाट करत राहिला.

आता मला जे खरं म्हणायचं आहे त्याकडं येतो. 27 वं कलम फक्त कागदावरचा करार मारतं. लाल वहीवर त्याचा इलाज चालत नाही. त्या वहीसाठी दुसरा कायदा आहे, 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा. वेठबिगार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साखळदंड येतात, वीटभट्टी येते, दगडखाण येते. कायद्याची व्याख्या मात्र उघडून वाचा. उचलीच्या बदल्यात फुकट किंवा नाममात्र मजुरीवर राबावं लागणं हा तिचा एक प्रकार. ठराविक किंवा बेमुदत काळासाठी दुसरं काम करण्याची मोकळीक गमावणं, हा दुसरा. आपल्या श्रमाचा माल बाजारभावानं विकण्याचा हक्क गमावणं, हाही आहे. म्हणजे 'बाकी फिटेपर्यंत दुसऱ्या मागावर बसायचं नाही' हे वाक्य त्या व्याख्येच्या अगदी दारात जाऊन उभं राहतं. आणि इथं नुसतं रद्दबातल होऊन भागत नाही. कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते, आणि राबवून घेणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दाद मागायची ती जिल्हाधिकाऱ्यांकडं, त्यासाठी वकिलाची फी लागत नाही.

प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी, असं मी म्हणत नाही. कामाला सक्तीचा वास लागतो तिथंच हा कायदा जागा होतो. मालकाची बाजूही मला ठाऊक आहे. वडगावचे कितीतरी मालक स्वतः व्यापाऱ्याच्या सुतावर माग चालवतात, नावाला मालक. सणाच्या तोंडावर 40 हजार घेऊन विणकर परागंदा झाला तर त्या घरातही चूल गार पडते. दिलेले पैसे परत मागण्याचा हक्क त्यांना आहेच, दिवाणी दाव्यानं, हप्त्यानं, समजुतीनं. तसंच कारखान्याची ड्रॉइंग आणि गिऱ्हाइकांची यादी घेऊन पळणाऱ्याला कुणी पाठीशी घालू नये. गुपित जपण्याची अट काम सुटल्यावरही टिकते, आणि टिकावी. माझं भांडण एवढंच की पैशाच्या वसुलीसाठी माणूस तारण ठेवता येत नाही, आणि हाताला आलेलं कसब हे मालकाचं गुपित होत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. कंत्राटी कामगारांचा 1970 चा कायदा आणि विडी कामगारांचा 1966 चा कायदा त्यांत विरून गेले. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी पूर्वी 20 कामगारांपासून लागू व्हायच्या, आता 50 पासून. उद्यमबागेतल्या बऱ्याचशा ठेकेदारांकडं एवढी माणसं नसतात. तेव्हा ज्याच्या अंगावर कायद्याचं पांघरूण आधीच तोकडं, त्याला 1872 आणि 1976 ही दोन जुनी सालंच उपयोगी पडायची आहेत. लेखिकांनी ती दोन्ही एका पुस्तिकेत आणली, म्हणून मी ही प्रस्तावना आनंदानं लिहिली. त्यांनी वेठबिगार कायद्यावरचं प्रकरण आणखी दहा पानं वाढवायला हवं होतं, अशी माझी तक्रार आहे. ती त्यांना तोंडीही सांगितली आहे.

मावसभावाच्या मुलाचं म्हणाल तर त्यानं 11 महिने पुरे केले आणि कागलला गेला. ठेकेदारानं त्याचीही प्रमाणपत्रं आणि सहीचा चेक ठेवून घेतला होता. प्रमाणपत्रांसाठी रजिस्टर पत्र पाठवलं, ती आठ दिवसांत परत मिळाली. नोटीस आलेली नाही. चेक अजून ठेकेदाराच्या ड्रॉवरमध्येच आहे, म्हणून बँकेत तो थांबवण्याचा अर्ज आणि ठेकेदाराला दुसरं पत्र, दोन्ही दिली आहेत.

पुस्तिकेच्या शेवटी दोन पानं कोरी ठेवली आहेत. आपल्या करारातलं असं कलम शब्दशः तिथं उतरवून घ्या, सही केल्याची तारीख घाला, दिलेल्या चेकचा नंबर लिहा. करार नसेल तर वहीतली बाकी लिहा आणि पुढच्या खेपेला मजुरी घ्यायला जाल तेव्हा मालकाच्या वहीशी ताडून बघा.